लाल गोंडा

हिवाळे मॅडम वर्गात सांगायच्या,
औषधाला दोन हात असतात.
एका हातानं देतं.
दुसऱ्या हातानं काय उचलून नेतं
ते पेशंटला आधी सांगा, मग पाणी द्या.
परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिलं होतं.
सहापैकी साडेचार.

आता थोरल्या दवाखान्यात, टीबीच्या खिडकीशी,
माझ्यासमोर भुजंगा सातपुते.
वजन एक्केचाळीस.
तीन गोळ्या, रोज, उपाशीपोटी.
बोटांना कातड्याचा वास.
मी 'दुष्परिणाम' म्हटलं तसे हसले,
"परिणाम तरी दिसू दे की ओ आधी."

वहीतला शब्द मी वहीत ठेवला.
मामा, म्हटलं, लघवी तांबडी होईल,
घामानं बनियनसुद्धा शेंदरी दिसेल.
ते रक्त नाही. गोळीचा रंग आहे.
हे मी दोनदा सांगते, हल्ली सगळ्यांनाच दोनदा,
कारण मागच्या साली शिरोळीच्या एक मावशी
तो रंग बघून भ्याल्या
आणि महिन्याच्या गोळ्या निर्माल्याबरोबर
पंचगंगेत सोडून आल्या.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
सांगायचं माझ्याकडं होतं.
त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत होती.

पायांत मुंग्या येतील, त्याला ही बारकी गोळी.
उलट्या झाल्या, अन्नावरची वासना उडाली, डोळे पिवळे दिसले,
तर शेजारी विचारत बसू नका, "गरम पडलं" म्हणून ताक पीत बसू नका,
सरळ इथं या.

"आणि एक गोळी कधीकधी नजरेवर बसते.
सगळ्यांच्या नाही.
लाल-हिरवं नीट उमगत नाही मग."

आता ते हसले नाहीत.
हात बघत राहिले स्वतःचे.

"चपलेवर गोंडा कुठल्या रंगाचा लावता?"
"लालच की."
"मग रोज सकाळी उजेडात तोच बघायचा.
कालच्याएवढा लाल असला तर गोळी घ्या.
मातकट वाटला, विटल्यागत वाटला,
तर गोळी न घेता या."

"दोन्ही डोळ्यांनी बघू, का एकेक झाकून?"

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.
एकेक, म्हटलं,
आणि समासात लिहून घेतलं.

सातव्या आठवड्यात आले, धापा टाकत,
सुभाषनगरातनं चालत, अनवाणी.
(चपला करणारा अनवाणी का, ते विचारायचं राहूनच गेलं.)
"गोंडा फिका दिसाय लागलाय, सिस्टर.
दोन्ही डोळ्यांनी."

डोळ्यांच्या विभागात दीड तास.
अक्षरांचा तक्ता, ठिपक्यांचं पुस्तक,
आत दडलेला आकडा त्यांनी
माझ्याआधी ओळखला.
नजर ठणठणीत.

मग खिशातनं दोन गोंडे काढून
त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
एक लाल. दुसरा खरंच फिका.
बराच वेळ बघून म्हणाले,
"रंगारी बदललाय आमचा.
त्या भाड्यानं रंग मारलाय हलका."
आणि ओशाळले. "तुमची उगंच खोटी केली."

नाही ओ मामा, म्हटलं,
आणि पुढं काही बोलता आलं नाही.
आजची गोळी खिडकीशीच दिली, पाणीही मीच दिलं.

जाताना लाल गोंडा ठेवून गेले.
"ह्यो जुना हाय. ह्याचा रंग खरा.
ज्याला वाचता येत न्हाई त्याला दावा."

ड्रॉवर उघडला.
आत शिरोळीच्या मावशींचं कार्ड आहे,
तारखांची चौकटी दुसऱ्या महिन्यात थांबलेली.
गोंडा त्यावर ठेवला.
रांग पुढं सरकली.