जन्मदेश

ब्लांटायर, पासपोर्ट कचेरी, खिडकी चार.
मक्केला निघालेल्या चे माकातांनी
मिठाच्या रिकाम्या पिशवीतून
घडीवर फाटलेली एक पावती काढली:
झोपडीकर, सहा शिलिंग, सन एकेचाळीस.
मागे कुणा कारकुनाच्या हातचं, मुलगा झाला.
माथ्यावर छापलेलं न्यासालँड.

माझ्या यंत्रात तो देश नाही.
'न' दाबलं की नामिबिया येतो, नायजर, नेपाळ,
न्यूझीलंडसुद्धा.
म्हटलं, बाबा, मालावी घालते.
घाल, म्हणाले. पण पोरी,
मालावी झाला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो,
दाढी होती, होडी होती,
थोरली लेक चालायला लागलेली.
त्याच्यात मी जन्मलो कसा?

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
त्यांना घाई नव्हती.

एक गोरा आला काठावर,
बोट दाखवून विचारलं, हे काय?
आमचा माणूस चंबो साफ करत असणार,
मान वर न करता म्हणाला, न्यासा.
तळं. दुसरं काय सांगणार?
त्यानं वहीत लिहिलं: न्यासा तळं.
म्हणजे तळं तळं.
मग त्या तळ्याला जमीन जोडली,
शिक्के पाडले, कर बसवला.
"नाव त्यानं विचारलंच नव्हतं," ते म्हणाले,
"आम्हीही सांगितलं नाही."

मी चहामळ्यांकडची, थ्योलोची. त्यांची याओ भाषा मला येत नाही.
शाळेत पाठ केलेलं तेवढं बोलले:
मालावी म्हणजे ज्वाळा, उन्हात पेटलेलं पाणी.
कुणी म्हणतं, लोखंड गाळायच्या भट्ट्या.
ते हसले.
"पाणीच की मग. लांबून बघितलेलं."

बोटांचे ठसे उमटेनात.
जाळ्याच्या दोऱ्यांनी साठ वर्षांत रेषा खाल्लेल्या.
दिवा तांबडा, पुन्हा तांबडा.
मी स्पंजाची वाटी पुढे सरकवली,
आणि उगाच, गंमत म्हणून विचारलं,
ही पण न्यासाच का?

"छे!" जरा रागावलेच.
"एवढ्याशाला नुसतं मेसी म्हणतात. पाणी.
न्यासा म्हणजे
ज्याच्या पलीकडे गेलेल्यांची
आई दुपारी चूल विझवत नाही."

दिवा हिरवा झाला.
चौकटीत मालावी राहिलं, बदलता येत नाही.
पावतीची एक झेरॉक्स मी काढून ठेवली,
दोन्ही बाजूंची.
फायलीसाठी नव्हे.