तीन रकाने

पुस्तकात धडा होता, पान एकेचाळीस:
काम, आराम, फुरसत.
मी फळ्यावर तीन रकाने आखले
आणि सहावीच्या सतरा पोरांना म्हटलं,
कालचा दिवस यात भरा. उठल्यापासून. खरं लिहा.

मोहफुलांचे दिवस. शाळा सकाळची.
निम्म्या वर्गाच्या बोटांना तोच वास,
गोड, जरासा आंबूस,
वह्यांनाही लागलेला.

खेमराज उकेने मोह वेचणं फुरसतीत टाकलं.
अरे, ते काम ना?
"नाई मॅडम, आमी शर्यत लावतो,
कोनाची टोपली आंदी भरते त.
काल मी जितलो."
आणि अभ्यास?
तो त्यानं कामात लिहिला होता,
खाली दोन रेघा मारून.

वेदिकानं मोबाईल आधी आरामात लिहिला, खोडला,
मग फुरसतीत लिहिला, तिथूनही खोडला.
"पायता पायता डोक्सं दुखते मॅडम,
मंग आराम कसा म्हनू?"
याचं उत्तर पान एकेचाळीसवर नव्हतं.
बेचाळीसवर एक मुलगा बासरी वाजवत होता,
इस्त्रीचा शर्ट घालून.

पुनिता दिघोरेचा तिसरा रकाना कोरा.
काहीच नाही?
ती बराच वेळ पेन्सिल चावत राहिली.
"बोरिंगवर नंबर लावतो ना मी,
तवा गुंडावर बसून रायतो.
पुढं सा-सात जनी असतेत.
तवा मले कोनी काई सांगत नाई."
लिही मग.
"कामात का फुरसतीत?"
मी खडू या हातातून त्या हातात घेतला.

मागच्या बाकावरून कुणीतरी:
"मॅडम, तुमचा?"
सतरा माना वर.
मी लिहू लागले. डबा. साकोलीहून मोपेड, सव्वीस किलोमीटर.
शिकवणं. खिचडीची नोंद. ऑनलाइन माहिती.
पुन्हा ऑनलाइन माहिती, कारण पहिली दिसत नव्हती.
सासूबाईंच्या पायाला तेल.
पहिला रकाना फळ्याच्या काठापर्यंत उतरला.
तिसऱ्यात काय लिहावं?
शेवटी बारीक अक्षरात लिहिलं:
तलावाची पाळ, सात मिनिटं.

हे घरी कुणाला ठाऊक नाही.
परतताना मी गाडी बंद करते,
आटलेल्या पाण्यात ढिवरांचे डोंगे
चिखलात टेकलेले असतात, ते पाहते.
"काय करता मॅडम तेथी?"
काही नाही.
"काईच नाई?"
पोरं हसली. खेमराज नाही हसला.
"माहा आजा बी तसाच बसते.
त्याले इचारलं त म्हनते, पानी मोजून रायलो."

घटक चाचणीत प्रश्न आला, दोन गुणांचा:
फुरसतीचा वेळ म्हणजे काय?
पंधरा जणांनी लिहिलं, छंद जोपासण्याचा वेळ.
मीच लिहून दिलं होतं, पाठ करा म्हणून.
खेमराज गैरहजर. मोह.
पुनितानं लिहिलं:
आपला नंबर अजून यायचा आहे, तो वेळ.

दोनपैकी किती द्यावेत?
गाडी पाळीवर उभी, पेपर मांडीवर,
लाल पेनाचं टोपण कुठं पडलं कोण जाणे.
सात मिनिटं केव्हाच होऊन गेली.