लाईन क्लिअर

इंग्रजीच्या तासाला मुतगेकर बाईंनी
फळ्यावर तीन अर्थ लिहिले:
रेषा, ओळ, रांग.
आमच्या घरात तिन्हींतला एकही नव्हता.

आमच्या घरात लाईन म्हणजे आप्पा.
'लाईनीवर गेल्यात,' आई दारातूनच सांगायची,
आणि वळवाच्या वाऱ्यात फणसाची फांदी मोडली
की जेवणाचं ताट झाकून ठेवायची.
लाईन गेली की अख्खी गल्ली
आमच्याच घराकडं बघायची,
जणू आप्पांनीच ती खिशात घालून आणलीय.

शिनोळीचा एक पोरगा बाचीच्या स्टॉपवर
माझ्यावर लाईन मारतो, हे दादानं घरात फोडलं.
आई म्हणाली, हिला आधी लाईनीवर आणा.
आप्पा भाकरी मोडत हसले:
'आमच्या खात्यात कोण लाईन मारत न्हाई.
लाईनच मारत्या.'

नाक्यापाशी आप्पांचा शेवटचा पोल.
पलीकडचा पोल दुसऱ्या खात्याचा,
मधल्या वीस पावलांत तार नाही.
दोन राज्यांमधली ती लाईन कुणी ओढली
हे आप्पांच्या रजिस्टरात नव्हतं.
त्यात फक्त: लाईन घेतली, दहा चाळीस.
लाईन दिली, सव्वाबारा.

सबस्टेशनात इराप्पा हडपद.
कन्नड त्याची, मराठी आप्पांची,
फोनवर दोघांची मिळून एकच:
'पाटील, लाईन बिडली एन?'
'थांब रे, अजून वरच हाय.'
आणि इराप्पा थांबायचा.

त्या मंगळवारी इराप्पा रजेवर होता.
बदलीवरच्या पोरानं विचारलं नाही.
पुढचं आई अजून सांगत नाही.

उजव्या तळव्यावर आता एकही रेषा नाही.
जत्रेतला हात बघणारा म्हातारा
पैसे न घेताच उठला.
खात्यानं आप्पांना बिलाच्या खिडकीत बसवलंय,
डाव्या हातानं पावती, आकडे तिरके.
बाहेर कुणी ओरडलं, 'लाईनीत या की!'
तर आप्पा दचकून वर बघतात.

रात्री आठाला अजून फोन वाजतो.
'पाटील, लाईन बिडली एन?'
विचारायची गरज नसते.
इराप्पा रिटायर होऊन दोन वर्षं झाली.
आप्पा अंगणात जातात,
समोरचा पोल वरपासून खालपर्यंत बघून घेतात,
वर कुणी नाही ना,
मग फोनमध्ये म्हणतात,
'बिड्री.'