मसूर बिघडेल इतका पाऊस

इस्लामपूरच्या कारखाना कॉलनीत आमचं एकच घर
जे आश्विनात अंगणात झोपडी बांधायचं.
त्या वर्षी सण उशिरा आला.
आमच्याही पंचांगात अधिक महिना असतो,
पण तो कुणाला सांगत बसा.

बाबा, हनोख वाकरूळकर, वजनकाट्यावर क्लार्क.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
तसंच शास्त्रही तोलायचे:
छतावर ऊस चालत नाही, तो माणूस खातो.
वाढं चालतं, ते बैल खातात.
सावली उन्हाहून जास्त हवी,
पण इतकी दाट नको की चांदणी दिसू नये.

वाढ्याचे भारे आणले सुभिद्रानं.
पाटोद्याहून टोळी चारच दिवसांपूर्वी आलेली,
कुंपणापलीकडे त्यांच्या कोप्या.
वर बघून हसली.
"सायेब, गळंल की हे."
बाबा म्हणाले, गळायलाच हवं.
ती भारा सोडत राहिली. जरा वेळानं
स्वतःशीच म्हणाली, "गळायलाच?"

रात्री मनुकांच्या शरबतावर बाबांनी आशीर्वाद म्हटला
आणि शेवटच्या शब्दावर पहिला थेंब पडला.

पावसात केव्हा उठायचं, त्याचं माप ठरलेलं आहे:
ताटलीतलं डाळीचं कालवण बिघडेल तेव्हा.
डाळ कुठली, यावर बाबांचं मत पक्कं होतं.
इस्लामपुरात राहून दुसरी कुठली असणार?
अख्ख्या मसुराची वाटी मधोमध ठेवून
कंदिलाच्या उजेडात आम्ही तिघं वाकून बसलो.
तर्री हलली.
आई म्हणाली, बिघडला.
बाबा म्हणाले, अजून नाही.
तर्री फुटली, कडेला पाणी दिसू लागलं.
अजून नाही.
"सूट असून जो बसून राहतो
त्याला तुमचं शास्त्र काय म्हणतं?" आईनं विचारलं,
आणि चपात्या पदराखाली घेऊन आत गेली.
अडाणी म्हणतं. मला पाठ होतं.

दारात चष्मा पुसत बाबांनी ती जुनी गोष्ट सांगितली:
नोकर धन्यासाठी पेला भरून आणतो,
धनी तांब्याच उचलून त्याच्या तोंडावर ओततो.
आपलं काय चुकलं, मी विचारलं.
बाबा पुसत राहिले,
काच केव्हाच कोरडी झाली होती.

तेवढ्यात फाटकातून सुभिद्रा,
डोक्यावर घडी घातलेला काळा कागद,
मागे दोन पोरं, धाकटा गहिनी
एका हातात चप्पल धरून.
"आमच्यात खालून पाणी शिरलं,
मग वरचा कागद काय कामाचा?
तुमचं तरी झाकते."
बाबांनी तोंड उघडलं.
प्लास्टिकखाली बसलं तर ती सुक्का होत नाही,
हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं.
ती स्टुलावर चढलीही होती.
भरलेली वजा रिकामी,
मनात काय वजाबाकी केली कोण जाणे,
बाबांनी कागदाचं दुसरं टोक ओढून बांधलं.
मग म्हणाले, आता ही आमची नाही, बसा.
आणि स्वयंपाकघरातून मसुराचं पातेलं
दोन्ही हातांनी उचलून बाहेर नेलं.
गहिनीला तिखट लागलं. तो रडला,
आणि रडत रडत जेवला.

दोन वाजता पाऊस थांबला.
एकदा आत आलात की उजाडेपर्यंत
परत जायची गरज नाही, हेही लिहिलेलं आहे.
बाबा तरी दोनदा उठले.
मी डोळे मिटून चप्पलचा आवाज मोजला:
दारापर्यंत, आणि परत.

सकाळी कागदाला झोळी पडलेली,
वाढं वाकून टेबलाला टेकलेलं.
सुभिद्रानं खालून काठीनं ढोसलं,
कडेला बादली धरून सगळं पाणी उतरवून घेतलं,
"वाया कशाला घालवायचं?"
कागद झटकला, घडी घातली,
पोरांना उठवलं, निघाली.

वर वाढ्यातून आभाळ दिसत होतं.
हात धुऊन, चपाती समोर ठेवून
बाबा तिच्या बादलीकडे पाहत राहिले,
गाडी काट्यावर चढल्यावर
काटा थांबेपर्यंत पाहायचे तसे.