निशाणी डावा अंगठा

"अर्ज टाइप करून मिळतील", एवढंच आहे माझ्या पाटीवर.
तरी जळगावच्या कामगार कोर्टाबाहेर
माणसं आधी प्रश्न घेऊन येतात.
पैसे मिळतील का. कधी मिळतील.
थोडी चूक माझीच असली, तर?
शेठने दवाखान्याचं बिल भरलं
आणि कोऱ्या कागदावर सही घेतली,
ती आता आडवी येईल का?
मी म्हणायचो, वकिलाला विचारा,
मी फक्त बोटं चालवतो.
हे वाक्य मी मंगळवारपासून बंद केलंय.

मंगळवारी केवळबाई आली. केवळबाई सुपडू कोळी,
राहणार धरणगाव, वय अंदाजे पंचेचाळीस.
अंदाजे हा शब्द माझा.
पिशवीत गुंडाळलेला एक्सरे, कळण्याची भाकरी,
आणि मस्टरची नक्कल,
जिच्यात तिचं नाव नाही.

बारा वर्षं जिनिंगमध्ये सरकी उपसली तिने.
मुकादम रोज संध्याकाळी पैसे हातावर ठेवायचा.
"हातावर" टाइप केलं आणि थांबलो,
खोडून "रोखीने" केलं.

वकीलसाहेब उभ्या उभ्या सांगत होते,
पट्ट्याला जाळी नव्हती, सबब मालकाचा निष्काळजीपणा.
समोरचे म्हणतील, पदर खोचला नव्हता,
सबब बाईचाही.
मग दोन्ही निष्काळजीपणे काट्यावर चढतात
कपाशीसारखे,
आणि कपाशीसारखीच कटती निघते.

मस्टरवर नाव नसलं तरी साक्षीदार चालतो, म्हणाले.
साक्षीदार आहे का?
होता, म्हणे तिचा पोरगा. त्याच मिलात आहे अजून.
यावर कोणी काही बोललं नाही.
पंखा नाही माझ्याकडे, पुठ्ठा आहे. मी पुठ्ठ्याने वारा घेतला.

मग टक्के.
कोपराखालचा हात, डावा.
विमा कंपनी म्हणेल, डावाच ना,
उजवा शाबूत आहे, निंदणी होते, भाकरी होते,
कमाई कितीशी बुडाली?
साहेब हे तिला नाही, मला सांगत होते.

तेव्हा केवळबाई पहिल्यांदा बोलली.
"मी डावरी शे, भाऊ."

माय चटके द्यायची, ताटात डावा हात दिसला की.
लग्नानंतर सासऱ्याने
लोहाराकडून उलट्या धारेचा विळा करून आणला,
गावात तसा एकच होता.
अजून खुंटीला आहे, म्हणाली. कोणाच्या कामाचा नाही.

अर्जाच्या नमुन्यात याला कुठेच जागा नव्हती.
वकीलसाहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.
मी परिच्छेद सातच्या पोटात एक ओळ घुसवली,
"अर्जदार ही जन्मतः डावरी असून"
आणि पुढे सुचेना.
असून काय?
विळा लिहू का त्यात?
साहेब म्हणाले, लिही. मग म्हणाले, नको,
मग म्हणाले, राहू दे, लिही.

कागद निघाला. शाईचा पॅड पुढे सरकवला.
खाली छापून आलं होतं, नि. डा. अं.
एकवीस वर्षं प्रत्येक अर्जाखाली
ही तीन अक्षरं न बघता टाकतोय मी.
तिने अंगठा पुढे केला तर सवयीने म्हणालो,
"हा नाही बाई, डावा."

रागावली नाही ती.
"तो तठेच ऱ्हायना, भाऊ."

जाळी नसलेला पट्टा काय करतो
हे त्या दुपारी माझ्या तोंडातून निघालं.
याला कलम नाही. मी शोधलं.

"डा" खोडून पेनने "उ" केलं, बाजूला सही केली.
उजव्या अंगठ्याची शाई पुसायला चिंधी दिली
तर ती चिंधीकडे नुसती बघत राहिली.
मग मी तिचा अंगठा धरून पुसला,
पूर्ण निघाली नाही.

पोराने पिशवी उचलली, दोघं स्टँडकडे गेली.
पुढची तारीख अठ्ठावीस.
सांगितली का मी तिला?
साहेबांनी सांगितली असेल.