आठ बाजूंची भिंगरी

पेरीनबाई पाचगणीहून आल्या तेव्हा
अब्बा सतारीच्या घोडीवर कानस फिरवत होते.
बाईंनी पिशवीतून पुस्तकासारखं काहीतरी काढलं
आणि तुणाच्या भुशावरच उघडलं.
ते उघडतच गेलं.
सोळा तुकडे, मागून कापड लावलेले.
अख्ख्या जगाची घडी.

"पणजोबांना बंगल्याबरोबर मिळाला.
साहेब विलायतेला परतला, खेळ इथंच राहिला.
सोंगट्या आहेत, भिंगरी हरवली."
फासा नव्हताच म्हणे कधी.
फासा म्हणजे जुगार,
आणि रविवारी प्रार्थना होते त्या घरात
जुगार कशाला पोरांच्या हातात?
म्हणून भिंगरी. आठ बाजूंची, चिमटीत धरून सोडायची.
अब्बा तेव्हा पहिल्यांदा वर बघून हसले.
"आमच्यातबी तसंच हाय," म्हणाले,
आणि पैशाचं काही न बोलता गुरुवारचा वायदा दिला.

रात्री भोपळे सरकवून नकाशा पसरला.
इंग्रजी मी वाचत गेले, अब्बा ऐकत गेले.
सात : बिस्केच्या उपसागरात वादळ, दोन डाव गप्प बसा.
एकोणीस : बोटीच्या कप्तानाशी वाद घातलात, मागे लिस्बनला जा.
चाळीस : मुंबई. हवा मानवली नाही, एक डाव चुकवा.
मुंबईच्या खाली फिकट पिवळा रंग,
आणि जिथं आपली मिरज असायची
बरोब्बर तिथं एक हत्ती, पाठीवर अंबारी,
अंबारीत कुणीच नाही.
"शनिवार पेठेत उभा हाय," अब्बा म्हणाले,
"ट्रॅफिक अडवून."

जवारीसाठी ठेवलेलं उंटाचं हाड होतं.
जवारी म्हणजे तार आणि हाड यांच्यात
केसाएवढी फट ठेवायची, ना चिकटलेलं ना सुटलेलं.
तेच हात आता आठ बाजू सारख्या करत होते.
शंभर वेळा फिरवली.
मी वहीत रेघा मारत बसले.
पाच फार पडत होते.
कानशीचा एक हलका हात.
मग पाच आटले, दोन वाढले.
पुन्हा शंभर.
पहाटेच्या अजानीला सगळे आकडे
थोड्याफार फरकानं एका पातळीवर आले.
अब्बांनी वहीतल्या रेघांवरून बोट फिरवलं.
"हजच्या सोडतीत तीन साल आपलं नाव न्हाई.
त्येबी कुणीतरी असं घासून बघत असंल का गं?"
मी म्हटलं, तिथं कॉम्प्युटर असतो.
"मग ठीक," म्हणाले.

माल देण्याआधी वाद्य वाजवून बघतात,
तसा एक डाव खेळलो.
त्यांची हिरवी सोंगटी, माझी तांबडी.
मी बिस्केत अडकले. ते माल्टा ओलांडून
नीट एकतीसवर, सुएझला.
पुढे निळी चिंचोळी पट्टी, तिच्यात धुराची एक बोट,
आणि थेट बत्तीस, एडन.
अब्बांनी पट्टीच्या उजव्या काठावर बोट ठेवलं,
निम्म्याच्या जरा खाली,
जिथं चितारणाऱ्यानं काहीच काढलं नव्हतं.
"हितं न्हाई थांबत?"
तिथं आकडाच नाही अब्बा.
"बरं."
भिंगरी फिरवली. एक पडला.
एडनला गेले.

गुरुवारी बाई येण्याआधी मी घडी घालायला घेतली.
हाडाची पांढरी भुकटी सगळीकडे उडालेली,
रशियावर, अटलांटिकवर, हत्तीच्या पाठीवर.
मऊ कुंचल्यानं झाडली.
सुएझखालच्या घडीत मात्र रुतून बसली होती,
कापडाच्या विणीत, त्याच काठाला.
फुंकर मारली.
थोडी राहिली.
अब्बा दारात हात धूत होते.
मी पुन्हा फुंकर मारली नाही.