उजेडाकडे धरून

आप्पांनी एकतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
छापल्या नाहीत, तपासल्या. हा फरक ते अजून सांगतात,
दूधवाल्यालासुद्धा.
एकनाथ धात्रक, परीक्षक, दुसरी पाळी.
भोंगा झाला की अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा
आणि हजारो चेहरे, सगळे सारखे,
त्यांत एखादा चुकलेला.

मी चुकलेले शोधत नाही. कललेले शोधते.

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
वाटाण्याच्या शेंगांची टोपली टेबलावरून बाजूला सारून
मी उघडते आकाशाचा एक तुकडा,
लांब धरलेल्या करंगळीच्या नखाएवढा.
मधोमध समूह, हजारभर दीर्घिकांचा.
आप्पा म्हणतात घड.
त्याच्या मागे, फार मागे, आणखी दीर्घिका,
फिकट, तीळ सांडल्यासारख्या.
त्यांचा उजेड घडाजवळून येताना वाकतो
आणि तीळ जरासा लांबतो. शंभरात एक भाग, कधी दोन.
एका तिळावरून काही कळत नाही,
तीळ मुळातच वाकडे असतात.
चाळीस हजार मोजावेत
तेव्हा कुठे कल दिसतो,
कलावरून वजन,
आणि वजन निघतं दिसतं त्याच्या कितीतरी पट.

"उरलेलं कुठाय मग?"
इथेच. ते उजेड देत नाही, अडवत नाही,
सावलीसुद्धा पाडत नाही.
आप्पांनी खिशातून विसाची नोट काढली,
ट्यूबलाइटकडे धरली, कोऱ्या जागेतून आरपार बघितलं.
"मागून उजेड पाहिजे. समोरून जन्मभर बघ, कागदच दिसेल."
देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता.
खिडकीची काच थरथरली.
आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

नकाशात एक ढेकूळ होतं,
घडापासून लांब, डाव्या कडेला.
तिथे एकही दीर्घिका नाही, नुसतं वजन.
सहा महिने मी त्याच्यापाशी बसत होते.
मनात नावही ठेवलं होतं. ते इथेही सांगणार नाही.
पुण्याला मॅडमना कळवलं होतं, "बहुतेक आहे."

त्या रात्री एकलहऱ्याच्या चिमणीवरचे लाल दिवे
धुक्यात बुडून पुन्हा वर येत होते.
आप्पा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून बसले.
आधी कडा, मग मधला भाग, जुनी सवय.
माझ्या शेंगा सोलून झाल्या.
मग त्यांनी नखाने दाखवलं,
"हे टपोरे कोण?"
तारे. आपलेच. ते मी झाकून टाकते, मोजत नाही.
"म्हणजे घडाच्या अलीकडचे?"
हो.
"मग ह्यांना कोणी वाकवलं?"

मी पाहिलं.
डाव्या कडेचे तारे, झाडून सगळे,
एकाच अंगाला झुकलेले.
"रोलर घासला की असंच व्हायचं. एका कडेचा अख्खा गठ्ठा.
नोट खोटी नसते गं. मशीन थकलेलं असतं."

दोन वाजता मी दोष वजा केला.
नकाशावरच्या रेषा एकेक ढिल्या पडल्या,
ढेकूळ पसरलं, पातळ झालं, गेलं.
घड राहिला. त्याचं न दिसणारं वजनही राहिलं,
उलट आधीपेक्षा घट्ट बसलं जागेवर.
मला बरं वाटायला हवं होतं.
मॅडमना लिहिलं, "नाही."
खोडलं. लिहिलं, "नव्हतंच."
त्यातला च काढायला वेळ लागला.

"वाटाणे फ्रिजमध्ये ठेवलेस का?" आतून आवाज आला.
ठेवले.

आप्पा सांगायचे, रद्द नोटेचाही हिशेब लागतो.
मोजायची, नोंदवायची, दोन सह्या.
मी वहीत तारीख घातली,
ढेकळाची जागा लिहिली, अंश, कला, विकला,
खाली सही केली.
माझ्या वहीत परीक्षकाचा रकाना नसतो.
तो आखला,
आणि वही घेऊन त्यांच्या दाराशी गेले.
दिवा मालवलेला होता.